थायलंडच्या व्हिसासाठी बाईची साक्ष

समस्त अहेरीकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पोलिसांच्या अहवालानुसार मी अहेरीत राहत नाही. यापूर्वीही कधी राहत नव्हतो! (हे कळलं तेव्हा मी अहेरीतल्याच माझ्या ओट्यावर, माझ्याच खुर्चीत बसलो होतो.)

झालं असं. बायको गेली, मुलगा बंगळुरूला, आणि वनखात्याच्या कचेरीतून मीही निवृत्त झालो. घर इतकं शांत झालं की फ्रिज सुरू झाला तरी मी "कोण?" म्हणायचो. फोन यायचा तो फक्त कर्ज हवं का विचारणाऱ्या एका मुलीचा. तिला मी "जेवलीस का?" असं विचारू लागलो, तेव्हा तिनंही फोन बंद केले!

अशात मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. थायलंडचा समुद्रकिनारा, माझ्याच वयाचा एक टकल्या, हातात शहाळं. "पन्नाशी ओलांडली? मग या! निवृत्तांसाठी इथे वेगळा व्हिसा मिळतो!" त्याच्याभोवती माणसंच माणसं हसत होती. शहाळ्याचं मला काही नव्हतं. मला ती माणसं हवी होती.

थोरल्या बहिणीला व्हिडिओ दाखवून सांगितलं. ती दोन घरं सोडून एकटीच राहते. सगळी आळी तिला बाई म्हणते, मीही. रोज सकाळी माझ्याकडे येते, माझ्या चहाला नावं ठेवते आणि दोन कप पिते.

"बाई, मी थायलंडले राहाले चाललो."

"जाय. तुही चायपत्ती बेकार आहे, येतानी चांगली आणजो."

"अवं, कायमचा!"

बाईने बशी खाली ठेवली. "तिथी तुले कोण वळखते?"

"आणि इथी कोण वळखते?" मी दोन्ही हात पसरून म्हणालो. (झाडीपट्टीतली नाटकं पाहून वाढलेला माणूस मी. मीठ मागतानाही हात पसरतो.)

बाई उठून गेली. दुसरा कप तसाच राहिला.

नागपूरच्या एजंटने अटी ऐकवल्या. बँकेत भली मोठी रक्कम ठेवायची. ती नुसती पडून राहिली पाहिजे, कुणी हात लावायचा नाही. (हे समजायला सोपं होतं. दोन वर्षं मी स्वतः तसाच पडून होतो.) शिवाय पेन्शनचा दाखला, आरोग्य विमा आणि हत्तीरोग नसल्याचं प्रमाणपत्र! डॉक्टरांनी माझे पाय खालीवर न्याहाळले. म्हणाले, "पाय तं बरे दिसून राह्यले. डोक्याचं काही तपासाचं आहे काय?"

शेवटी उरला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. नेमका मी विम्यासाठी एक्स-रे काढायला चंद्रपूरला गेलो असताना शिपाई चौकशीला आला. घराला कुलूप. त्याने आळीत विचारलं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. खाकीतल्या माणसाने कुणाचंही नाव विचारलं की सगळे एका सुरात म्हणतात, "माहीत नाई." वनखात्याच्या खाकीत जन्मभर मी हेच ऐकलं. सागाने भरलेली बंडी बैलांसकट समोर उभी, गाडीवान बंडीखाली, आणि गाव म्हणतं, "कोणती बंडी, साहेब?"

त्याच निष्ठेने पानठेल्यावरचा शंकर म्हणाला, "मधुकरराव? असा माणूस इथी नाई." समोरच्या वहिनींनी तर आपल्या मागच्या दाराने जाऊन माझ्या नावाची पाटी उपटली आणि तांदळाच्या डब्यात पुरली! आणि बाई? बाईने छातीवर हात ठेवून सांगितलं, "मले भाऊच नाई."

मी परतलो तर आळी अभिनंदनाला हजर.

"भाऊ, बिनधास्त राहा! वाचवलं तुमाले!" शंकर म्हणाला.

"अरे, पण कशापासून?"

"ते आमी इचारलं नाई."

अहवाल गेला: सदर इसम येथे राहत नाही. मी ठाण्यात धावलो. साहेब भले, म्हणाले, "जवळच्या नातेवाइकाला आणा. साक्ष देतील तर पुन्हा चौकशी करतो."

नातेवाईक म्हणजे बाईच! ऑटोत तिची तालीम घेतली. "एवढंच म्हणजो, हा माहा भाऊ."

"हा माहा भाऊ," बाई म्हणाली. किती छान म्हणाली! पुन्हा म्हणायला लावलं. खरं सांगतो, तालमीसाठी नव्हे. कानाला बरं वाटत होतं म्हणून.

चूक सुधारायला म्हणून अख्खी आळी मागोमाग ठाण्यात आली. शंकर दुकान बंद करून, वहिनी पाटी काखेत घेऊन. (पाटीला तांदूळ चिकटलेले.) मी ऐटीत खुर्चीवर बसलो. थायलंड आता एका वाक्यावर आलं होतं.

साहेबांनी विचारलं, "बाई, यांना ओळखता?"

बाईने पदर सावरला. माझ्याकडे पाहिलं. मी हळूच "हा माहा..." अशी आठवण करून दिली, आणि बाई सगळ्यांसमोर ओरडली,

"नाई वळखत, साहेब! माहा भाऊ असता तं मले एकटीले सोडून शहाळं प्याले गेला असता काय?"