दुष्काळातला रौप्यमहोत्सव

कुठंही चार माणसं संस्था चालवायला बसली, की कामाआधी किस्सेच जमायला लागतात. आमच्या कलाकेंद्राचं तेच झालं. साखर कारखान्याच्या एका रिकाम्या गोदामात ते चालायचं आणि मी तिथं चित्रकला शिकवायचो. रौप्यमहोत्सव आला तो नेमका दुष्काळात. ऊस नाही, कारखाना बंद. संग्रहाचं प्रदर्शन पुढं ढकलावं, असं मी सुचवलं. कारखान्याचे आणि केंद्राचेही अध्यक्ष असलेले आण्णा म्हणाले, "काहून? काहीतरी चालू दिसू द्या की लोकांना."

*

संग्रहात सगळ्यात जास्त चित्रं आण्णांचीच होती. केंद्राच्या चित्रकला शिबिराला आलेला प्रत्येक चित्रकार जाताना त्यांचं एक पोर्ट्रेट देऊन जायचा! त्यातलं एकच लावायचं ठरलं. निवड आण्णांनीच केली: काळेभोर केस, सडपातळ बांधा.

उद्घाटनाआधी त्यांच्या पत्नी, काकू, दालन बघायला आल्या. त्या चित्रापुढं बराच वेळ थांबल्या आणि हळूच मला विचारलं, "हे कोणत्या पक्षाचे?"

*

जुन्या भांड्यांच्या विभागात मातीचा मोठा रांजण मांडला होता. पिण्याच्या पाण्याचा माठ फुटला, म्हणून आमचे शिपाई बाबूमामा यांनी हा रांजणच धुऊन भरून ठेवला. माझ्या लक्षात येईपर्यंत लोक पेल्यानं पाणी पिऊन पुढच्या चित्राकडं सरकत होते.

घाटनांदूरच्या एका गृहस्थांनी जाताना आण्णांना आवर्जून सांगितलं, की सगळ्यात रांजण आवडला. आण्णा खूश झाले. त्यावरची नक्षी आवडली का, असं त्यांनी विचारलं.

"नक्षी न्हाई बघितली. पाणी लई गार हाय."

*

एका शिवाराच्या चित्रावर उन्हाळाभर धूळ बसली होती. पुण्याचे समीक्षक त्यापुढं गंभीर झाले. हा करडा रंग म्हणजे मराठवाड्याचं मूक दुःख आहे, असं ते सगळ्यांना समजावू लागले. मग फोटोवाल्याला बोलवायला बाहेर गेले. तेवढ्यात बाबूमामांनी फडकं मारलं.

समीक्षक परत आले तेव्हा दुःखाच्या जागी हिरवीगार ज्वारी डोलत होती. त्यांनी आधी चष्मा पुसला.

*

उद्घाटनाच्या दिवशी फाटकापासून बायकांची लांबलचक रांग होती. मुंबईचे प्रमुख पाहुणे भाषणात गहिवरले. पाण्याचा थेंब नसताना कलेसाठी ही गर्दी, असं म्हणून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. आण्णा गंभीरपणे मान डोलावत राहिले. रांग टँकरची आहे, हे पाहुण्यांना कुणीच सांगितलं नाही.

*

त्या रांगेत मला गजराबाई दिसली, मेंढपाळाच्या घरातली. आमच्या पहिल्या शिबिरात तिला समोर उभी करून एका चित्रकारानं मोठं चित्र काढलं होतं: डोक्यावर घागर घेतलेली तरुण बाई. संग्रहातलं तेच सगळ्यात नावाजलेलं. ते चित्रकार आता म्हातारे झाले होते. सकाळच्या गाडीनं परळीला उतरून खास आले होते. मी गजराबाईला आत नेलं. तिनं आपली रिकामी घागर दाराशी ठेवली.

चित्रकारांनी उठून नमस्कार केला. ओळखलं का, असं विचारलं.

"वळखलं की," ती म्हणाली. मग चित्राकडं बघत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"लई वरसं झाली," ती म्हणाली. "हिच्या डोक्यावरची घागर उतरवा की आता."

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. तिनं घागर उचलली आणि लगबगीनं गेली.

चित्रकारांनी ते चित्र खिळ्यावरून काढलं आणि खाली, भिंतीला टेकवून ठेवलं. प्रदर्शन संपेपर्यंत ते जमिनीवरच होतं.