सोळाच तर आहे

ज्ञानदेवच्या तोंडात पेढा कोंबला तो मी. खंडेनवमीची यंत्रपूजा होती. प्रेसला झेंडूचे हार, क्रेनच्या हुकाला हळदकुंकू, आणि आमच्या चाकणच्या कंपनीत प्रसादाचा पेढा साहेबाने हाताखालच्या माणसाला स्वतः भरवायचा अशी रीत. कोरोनात ती बंद पडली होती. पण त्या नवरात्रात माझे लसीचे दोन्ही डोस झालेले, आणि दुसऱ्या डोसनंतर माणसाला उगाचच बुलेटवर बसल्यासारखं वाटतं. ज्ञानदेव दोन मास्क लावून खांबाच्या आड उभा होता.

"साहेब, हातात द्या. घरी जाऊन खातो."

"अरे, देवाचा आहे, पार्सल कसला मागतोस?" असं हसत म्हणून मी त्याचे दोन्ही मास्क खाली करायला लावले, तोंडाजवळ तोंड नेलं आणि भरवला.

दसऱ्याची सुट्टी संपवून कामावर आलो, तर परदेशी पाहुणे येणार म्हणून गेटवरच सगळ्यांच्या नाकात काड्या फिरवल्या. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. मी पॉझिटिव्ह. ताप नाही, खोकला नाही, साधी शिंक नाही. चहातलं आलंसुद्धा नाकाला कळत होतं. रिपोर्टच्या तळाशी लिहिलं होतं, सीटी व्हॅल्यू सोळा.

आता मी माणूस क्वालिटीचा. माझी सगळी नोकरी आकडा खाली आणण्यात गेली. रिजेक्शनचा आकडा खाली आला की आमच्याकडे वडापाव वाटतात. पेंटशॉपचा सुजितही पॉझिटिव्ह निघाला होता. त्याचा आकडा एकतीस आणि माझा सोळा. मी निगडीच्या घरी मागच्या खोलीत बसून पहिला फोन ज्ञानदेवला लावला आणि हसत हसत सांगितलं.

"ज्ञानदेव, मी पॉझिटिव्ह आलोय, पण नाममात्र हं. सोळाच तर आहे. सुजितकडे बघ, एकतीस. तो बिचारा कामातनं गेला. तू निवांत घरी बस, वहिनींच्या हातचं जेव."

"बरं साहेब," म्हणून त्याने फोन ठेवला.

निवांत हा शब्द ज्ञानदेवला सांगणं म्हणजे माशाला छत्री देणं. मावळातल्या गावाकडून आलेला हा गडी प्रेसशॉपची मोठी क्रेन चालवतो. डाय म्हणजे टनावारी वजनाचा साचा; तो उचलण्याआधी हूक बघेल, पट्टा बघेल, खाली कोणी नाही ना बघेल, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. पोरांनी त्याचं नाव 'डबल चेक' ठेवलंय. बाईक नुसती ढकलत नेतानासुद्धा डोक्यावर हेल्मेट. लिफ्टमध्ये शिरायच्या आधी आत वाकून बघणार. असा हा भित्रा माणूस, पण बायकोची, जाईबाईची, दोन्ही मूत्रपिंडं गेली तेव्हा कोणी विचारायच्या आत म्हणाला, माझं घ्या. ऑपरेशनच्या टेबलावर मात्र त्याने डॉक्टरांना थांबवून विचारलं होतं, "डावं का उजवं ते नक्की झालंय ना?"

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी पेढा भरवला, कारण त्याचेही दोन डोस झाले होते आणि माझेही. दोन अधिक दोन चार, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या डॉक्टर मिनल यांचा फोन आला. मी ऐटीत आकडा सांगितला.

"उद्धवराव, हे उलटं असतं. नमुन्यात विषाणू सापडेपर्यंत यंत्र तो फेरीफेरीने वाढवत नेतं. तुमचा सोळाव्या फेरीतच सापडला. म्हणजे नाकात भरपूर आहे. सुजितकडे कमी."

"पण मॅडम, मला काहीच होत नाहीये. डोस झालेत दोन्ही."

"डोस झालेत म्हणूनच तुम्ही माझ्याशी बसून बोलताय. त्याने तुम्ही वाचता. नाकात किती आहे आणि समोरच्याला किती देता, ते वेगळं. नुसत्या आकड्यावर सगळं ठरत नाही, पण मास्क काढून कोणाच्या अगदी जवळ गेला होतात का?"

मी पेढ्याचं सांगितलं. मग जाईबाईंचं सांगितलं. बदललेलं मूत्रपिंड शरीराने झिडकारू नये म्हणून त्यांना कायमच्या गोळ्या आहेत, त्या गोळ्या अंगातली ताकदच दाबून ठेवतात, आणि अशा माणसाला लस घेऊनही ती लागू पडेलच असं नाही, हे डॉक्टर सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ज्ञानदेवना आत्ता घराबाहेर काढा. ते बाधित असतील तर अजून वेळ गेलेली नसेल."

मी ज्ञानदेवला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मला घाम फुटला आणि तो तापाचा असता तर बरं असं वाटलं. दाराबाहेर ताट ठेवायला आलेली विजयश्री म्हणाली, "अहो, काय झालं? चेहरा पांढरा पडलाय." मी म्हणालो, "काही नाही, जेवत नाही मी." लग्नानंतर हे वाक्य तिने माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि तीही घाबरली. रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली. ती पिंपळे गुरवला, ज्ञानदेवच्या घराकडेच वळली असणार असं मला घरात बसून कळलं.

शेवटी जाईबाईंचा नंबर मिळवला. त्यांनी फोन उचलला आणि आधी खोकल्या.

"वहिनी, ज्ञानदेव कुठंय?"

"न्हाईत घरात."

"दवाखान्यात नेलं का?"

"दवाखान्यात कशाला? तुमचा फोन आला आन् सतरंजी घेऊन गेले की. माझ्या भावाच्या बंद गाळ्यात ऱ्हात्यात. थितं लाइट न्हाई, फोन मेला आसंल. डबा शटरबाहेर ठेवायचा, मागं सरकायचं, मग त्ये उघडणार." पुन्हा खोकल्या. "मी फोडणी देत व्हते, ठसका लागला. तुमास्नी बरं हाय ना?"

मी "हो, हो" म्हणून फोन ठेवला.

पण भीती तिथे संपली नाही. त्या मधल्या दोन रात्री तो घरातच होता. पुढे त्याचा रिपोर्ट आला: पॉझिटिव्ह, आणि तोही माझ्यासारखाच ठणठणीत. मग आम्ही जाईबाईंच्या रिपोर्टची वाट बघत बसलो, तो गाळ्यात आणि मी खोलीत. मी ऑक्सिमीटर स्वतःच्या बोटाला लावून त्यांची तब्येत बघत होतो, इतका माझा तोल गेला होता. रिपोर्ट निगेटिव्ह आला. डॉक्टरांनी थोड्या दिवसांनी पुन्हा करायला लावला. तोही निगेटिव्ह. त्या दिवशी मी जेवलो, आणि विजयश्रीच्या मते जास्तच जेवलो.

दिवाळीनंतर ज्ञानदेव कामावर आला. दोन मास्क तसेच. क्रेनखाली उभा राहून पट्टा तपासत होता. मी चांगला लांब उभा राहिलो.

"ज्ञानदेव, एक विचारू? मी स्वतः फोन करून सांगितलं, निवांत घरी बस. आणि तू फोन ठेवल्या ठेवल्या घर सोडलंस. माझं ऐकलं का नाहीस?"

त्याने पट्ट्याची दुसरी बाजू उलटून बघितली.

"तुम्ही हसत सांगत होता. पेढाही असाच हसत भरवला होता."