मागच्या सीटवरची चौघं

आमच्या घरातल्या कुत्र्यांना नावं नाहीत. बाबांनी ठेवूच दिली नाहीत. पहिली कुत्री घरी आली तेव्हा मी दोन-चार नावं सुचवली होती, तर ते म्हणाले, "नाव ठेवलं का जीव लागते. मंग तो निंगत नाही." नाव न ठेवताही जीव लागायचा तो लागलाच. पुढे एकीची तीन झाली, हाक मारायची पंचाईत व्हायला लागली, तेव्हा थोरली, मधला आणि धाकटी अशी त्यांची ओळख आपोआप पडली. आई फोनवर कुणाला तरी "मधल्याचं पोट बिघडलं हो" असं सांगते, तेव्हा पलीकडून हमखास विचारणा होते, "कितवीत आहे?"

बाबा एसटीचे ड्रायव्हर. नोकरीतली बहुतेक वर्षं अमरावती-अकोला या एकाच रस्त्यावर गेली. थोरली अमरावती डेपोतली होती. बाबांची गाडी लागली की ती चाकाजवळच्या सावलीत येऊन झोपायची. बाबा रिटायर झाले त्या दिवशी हातात नारळ, खांद्यावर शाल आणि गळ्यात झेंडूचा हार अशा थाटात पायीच साईनगरला घरी आले, आणि त्यांच्या मागोमाग ही. आईने दार उघडून विचारलं, "हे काय आणलं?"

"काही नाही. हीबी रिटायर झाली," बाबा म्हणाले.

मधला लॅब्राडोर. आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाची पुण्याला बदली झाली. "घर लागेपर्यंत चार दिवस ठेवता का?" म्हणून ते त्याला सोडून गेले. घर केव्हाच लागलं असणार, मधला अजून आमच्याकडेच आहे. धाकटीचं असं झालं की एका दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवरून परत येताना कोंढाळीजवळ एका धाब्यावर चहाला थांबलो. निघताना पाहतो तर आईच्या शालीच्या घडीत एक मुठीएवढं पिल्लू. ते तिथं कसं आलं हे आईने आजतागायत सांगितलेलं नाही.

बाबांनी एक जुनी व्हॅन घेतली होती आणि दर रविवारी तिच्यातून आमची सगळ्यांची फेरी निघायची. कधी वडाळीचा तलाव, कधी रिद्धपूरच्या रस्त्याला लागून एखादं ओळखीचं शेत. निघण्याआधी बाबा व्हॅनभोवती एक चक्कर मारत, चारही टायरांना लाथ घालत, मग मागचं दार सरकवून म्हणत, "चला, बसून घ्या. मांग सरका, मांग सरका." थोरली सगळ्यात आधी चढायची आणि ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा धरायची. मधला उरलेली अख्खी सीट अडवायचा. धाकटी त्याच्या अंगावरून चढून खिडकीशी जायची. आई पुढे, मांडीवर पोह्यांचा डबा. मी कुत्र्यांमध्ये कुठंतरी. तलावावर पोचलो की मधला कुणाचं न ऐकता पाण्यात शिरायचा आणि त्याच्या ओल्या केसांचा वास बुधवारपर्यंत गाडीत राहायचा.

पहिल्यांदा व्हॅनची डावी बाजू फाटकाला घासली तेव्हा बाबांनी फाटकाला शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा घासली तेव्हा उतरून ओरखडा रुमालाने पुसला. मग एका रविवारी राजापेठेजवळ डावीकडून एक सायकलवाला आला. आई किंचाळली म्हणून बाबांनी ब्रेक मारला. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. बाबांनी गाडी कडेला लावली. मग आईला म्हणाले, "तो होता कुठं?"

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी काचबिंदू सांगितला. समोरचं चांगलं दिसतंय, बाजूचं गेलंय. गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंबांनी टिकवू. "पण काका, गाडी बंद," त्या म्हणाल्या. बाबांनी मान डोलावली. घरी आल्यावर किल्ली देवळीत ठेवली आणि अंघोळीला गेले.

पुढच्या रविवारी सकाळी तिन्ही कुत्री व्हॅनपाशी जाऊन बसली. बाबा पेपर वाचत होते. उन्हं चढली, पेपर संपला, बाबांनी तो पुन्हा पहिल्या पानापासून धरला. मधल्याने एकदा येऊन पेपरला नाक लावलं. "जा ना बे," बाबा म्हणाले. शेवटी आईने तिघांना गल्लीतल्या गल्लीत फिरवून आणलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. थोरली तर जेवायलाही आत येईना, टायरला पाठ लावून पडून राहिली.

त्या दिवशी आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "तुह्याकडं लायसन आहे ना?"

"आहे, दोन्ही गाड्यांचं. पण मी स्कूटीच चालवते आई. व्हॅन कुठं चालवली?"

"मंग शीक. मी काय यायचे तोंडं पाहत बसू का दर रविवारी? कुत्र्यायचे आन त्यायचे."

मी शाळेत गणित शिकवते. शिकवण्याची सवय असलेल्या माणसाला शिकणं जड जातं, आणि त्यातून शिकवणारे बाबा. ते माझ्या डाव्या बाजूला बसायचे आणि नसलेला ब्रेक पायाने दाबत राहायचे. "क्लच सोड. हळू सोड. अवं माय, हळू म्हनलं ना! गिअर हाय तो, हापशी नोहे." मी रडकुंडीला यायचे. पण ते उतरून कधी गेले नाहीत, आणि महिनाभरात बडनेऱ्यापर्यंत गाडी नेऊन सुखरूप परत आणण्याइतपत माझा हात बसला.

अडचण थोरलीची झाली. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले की ती गाडीत चढेना. उचलून आत ठेवलं तर दुसऱ्या दाराने उतरायची. मग आम्ही युक्ती केली. बाबा ड्रायव्हरच्या जागेवर बसले, थोरली मुकाट्याने चढून त्यांच्या पाठीशी बसली. बाबा हळूच उतरले, मी बसले. थोरली त्यांच्या मागून उतरली. तीन-चारदा हाच खेळ झाला. गल्लीतले लोक दारात येऊन उभे राहिले. बाबांचा चेहरा लाल झाला आणि मला वाटलं, आता हे घरात निघून जाणार.

त्याऐवजी त्यांनी मागचं दार सरकवलं आणि स्वतः आत जाऊन बसले. थोरलीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे पाहिलं आणि उडी मारून त्यांच्या मांडीवर पुढचे पाय टाकले. मधला आणि धाकटी आपापल्या जागी घुसले. बाबा दाराच्या आणि मधल्याच्या मध्ये पार चेपून गेले.

"चाल आता," ते आतून म्हणाले. "निंगा लवकर. लय गरम होऊन राहिलं."

तेव्हापासून बाबांची जागा मागे आहे.

आमचा पहिला लांबचा प्रवास अकोल्याचा झाला. बाबांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, जुन्या शहरात राहते. गुडघ्यांनी अधू झाल्यापासून ती घराबाहेर पडत नाही, आणि बाबांनी तिला डोळ्यांचं काहीच सांगितलेलं नव्हतं. "येत कावून नाही तू?" असा तिचा फोन दर आठवड्याला येत होता. शेवटी जायचं ठरलं. कुत्र्यांना ठेवायचं कुणाकडे? आत्याला कुत्री अजिबात खपत नाहीत. तरी आम्ही तिघांनाही घेऊन निघालो.

त्या रस्त्यावर मी घाबरत चालवत होते. इथला खड्डा न् खड्डा मागे बसलेल्या माणसाला पाठ. पण बडनेरा गेलं, लोणी गेलं, तरी मागून एकही सूचना आली नाही. मी आरशात पाहिलं. बाबा धाकटीसारखेच खिडकीला लागून बसले होते, आणि मान पूर्ण वळवून बाहेर बघत होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे म्हणाले, "इथं तळं हाय, पाह्यलं का? मले मालूमच नव्हतं."

"इतकी वर्षं गेलात ना हो इथून," आई म्हणाली.

"म्या समोर पाहत होतो."

अकोल्यात मोर्णा नदीचा पूल ओलांडला आणि पुढे गल्ल्या अरुंद झाल्या. गाडी आत नेणं शक्य नव्हतं, म्हणून एका पिंपळाखाली लावली. इथून आत्याचं घर पाच-सात मिनिटांवर. मी मधल्याला घेतलं, आईने धाकटीला, आणि बाबा थोरलीची दोरी धरून पुढे झाले. त्यांच्या लहानपणची गल्ली ती. त्यांना काय सांगायचं?

वाटेत केळ्यांची गाडी लागली आणि मधल्याने दोन पाय गाडीवर टाकून एक अख्खी फणी खाली ओढली. गाडीवाला ओरडला, माणसं जमली, धाकटी घाबरून आईच्या पायांत गुंडाळली गेली. केळ्यांचे पैसे देऊन, माफी मागून, मधल्याच्या तोंडातून सालं काढून आम्ही निघालो तोवर बाबा दिसेनासे झाले होते. पोचले असतील, असं म्हणत आम्ही आत्याच्या दारी गेलो.

आत्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसली होती. आधी तिने कुत्र्यांकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावला. मग म्हणाली, "तो कुठी हाय?"

बाबा पोचले नव्हते.

आईला तिथंच बसवून मी धावत परत फिरले. त्या गल्ल्यांमध्ये एका वळणासारखंच दुसरं वळण. स्कूटरी, हातगाड्या, दुकानांपुढे लटकवलेले पाळणे आणि झारे. डावी-उजवीकडून माणसं अंगावर येत होती आणि मला प्रत्येक वेळी वाटत होतं, हे त्यांना दिसलं नसेल, तेही दिसलं नसेल. बाबा फोन उचलत नव्हते. दोन-तीन दुकानदारांना विचारलं. एक टेलर म्हणाला, "म्हातारा मानूस, संग कुत्री? तिकडं पाहा, चहाच्या हॉटेलात."

भलत्याच गल्लीत, एका हॉटेलच्या पायरीवर बाबा बसले होते. शर्टाच्या बाहीला कशाचं तरी ग्रीस लागलं होतं. एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हाताने ते थोरलीला बिस्कीट भरवत होते. ती त्यांच्या पायांवर अंग टाकून बसली होती.

"बाबा!" मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा.

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "तू कायले धावत आली? हिले दम लागला होता. म्हून बसलो."

थोरली काही धापा टाकत नव्हती. मी खाली पायरीवर बसले. "पाणी पाजलं का तिला?"

"पाजलं ना."

"मग चला. दम गेला असेल तिचा."

"थांब. चहा संपू दे."

चहा संपवून आम्ही निघालो. वळणापाशी बाबांनी माझ्या दंडाला धरलं. शाळेत असताना रस्ता ओलांडताना मी त्यांना धरायचे तिथंच, कोपराच्या जरा वर.

आत्याने त्यांना पाहिलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. लहानपणापासून हा असाच, सांगितलेल्या रस्त्याने कधी आला म्हणून नाही. बाबा तिच्या पायाशी जमिनीवर बसले. तिचं बोलून होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "ताई, मले आता बाजूचं दिसत नाही. समोरचंच दिसते. म्हून गाडी बंद केली."

आई उगाच पिशवीत काहीतरी शोधायला लागली. आत्याने वाकून बाबांची हनुवटी धरली, चेहरा आपल्याकडे फिरवला आणि एकेक डोळा नीट निरखून पाहिला.

"मंग मान फिरवत जाय," ती म्हणाली. "मान तं धड हाय ना?"

बाबा हसायला लागले. खरंखुरं, पोट धरून. डॉक्टरांकडून आल्यापासून ते असे हसले नव्हते. त्यांना हसताना पाहून मधला एकदा मोठ्याने भुंकला आणि आत्या दचकून ओरडली, "अवं बाप्पा! बांधा त्याले अंगणात!"

तिघांना अंगणात बांधलं. आम्ही जेवायला बसलो तेव्हा आत्याची खुर्ची रिकामी होती. ज्या गुडघ्यांनी ती बाहेर पडत नाही म्हणत होती, त्याच गुडघ्यांनी ती भिंत धरून अंगणात गेली होती. एका मोठ्या वाडग्यात भाकरी कुस्करलेली आणि वरून दूध. "निरे हाडकं निंगाले," ती धाकटीकडे पाहून पुटपुटत होती. "उपाशी ठेवते वाटते वहिनी तुमची."

"वहिनी तुमची" म्हणजे माझी आई. कुत्र्यांशी आत्याचं हे नातं नेमकं कोणत्या हिशेबाने ठरलं, ते विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

आता आम्ही महिन्यातून एकदा अकोल्याला जातो. बाबा गल्लीत माझा दंड धरतात. थेंब वेळेवर घातले जातात, नजर आहे तिथं टिकून आहे असं डॉक्टर म्हणतात. या हिवाळ्यात आत्याला उचलून व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि आठ दिवसांसाठी अमरावतीला आणलं. त्यातल्या रविवारी सगळे मिळून शेंदूरजनाघाटला गेलो. बाबांच्या जुन्या कंडक्टरची तिथं संत्र्याची बाग आहे. झाडं फळांनी वाकलेली, खाली गार सावली. त्यांनी खाट टाकून दिली, त्यावर आत्या बसली, आणि खाली सतरंजीवर बाबा आणि तिन्ही कुत्री एका ओळीत.

आत्या संत्री सोलत होती. एक फोड बाबांच्या हातात, एक थोरलीला, एक धाकटीला. मधला सगळ्यांच्या फोडींवर डोळा ठेवून पुढे सरकत होता. त्याने बाबांच्या हातातलीही डावीकडून अलगद ओढून नेली, बाबांना कळलंसुद्धा नाही.

"मान फिरव!" आत्या ओरडली, आणि मधल्याच्या डोक्यावर एक टपली मारून तिने पुढचं संत्रं सोलायला घेतलं.