पावणेसहाच्या बसचा सिनेमा

घाटंजीच्या टॉकीजमध्ये डोमाजी खोब्रागडे सत्तावीस वर्षं ऑपरेटर होता. कार्बनच्या कांड्या जाळून पडद्यावर उजेड पाडायचे, त्या काळात तो लागला. पुढे कांड्या जाऊन दिवा आला, पण रिळं राहिली आणि रिळांवर कात्री त्याचीच. बाजाराच्या दिवशी खेड्यावरची माणसं दुपारचा खेळ बघून पावणेसहाची शेवटची बस धरत. सिनेमा लांबडा असला की डोमाजी मधलं एखादं रीळ खुशाल गाळी. नायक-नायिका कडाकडा भांडत असताना एकदम पाळणा हलायला लागे, पण कोणी ब्र काढत नसे. बस मिळाल्याशी मतलब!

२००८ साली, कापसानं अख्ख्या जिल्ह्याचं कंबरडं मोडलं असताना, मालक चारुदत्त देशपांड्यांना नवं खूळ सुचलं. छतावर उपग्रहाची छत्री बसली, मशीनच्या खोलीत डबा आला. सिनेमा आता आभाळातून उतरणार होता.

"बटण दाबायला ऑपरेटर कशाला हवा, डोमाजी? महिनाभर बघ, मग घरीच राहा."

डोमाजीच्या पायाखालची जमीन सरकली. पन्नाशीत तो दुसरं काम काय शिकणार?

पहिल्याच बाजाराला घोळ झाला. सिनेमा सव्वातीन तासांचा आणि डब्यातलं काही गाळता येईना. साडेपाचला पडद्यावर बहीण दवाखान्यात, भाऊ पोलिसांच्या गाडीत, आणि अर्धं थिएटर पिशव्या घेऊन उभं.

"डोमाजीभाऊ, कापा ना जी!" बाजाराला आलेली लालीबाई ढाकरे खालून ओरडली.

"कापाले रीळच नाई ना, बाई!"

पण त्याला राहवेना. त्यानं सिनेमा थांबवला, दिवे लावले, धावत पडद्यासमोर आला आणि उरलेली गोष्ट पाच मिनिटांत तोंडानंच सांगितली. बहीण बरी झाली, भाऊ सुटला, आईनं दोघांची लग्नं लावली. टाळ्या पडल्या आणि माणसं बसकडे पळाली.

मालक भडकले. पण पुढच्या बाजाराला तिकिटाच्या खिडकीवर एकच चौकशी : "शेवट डोमाजीभाऊच सांगन ना?" मालकांनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्याला कामावर ठेवलं.

एकदा मालकांनीच तो पहिल्या बाजाराचा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. आई, भाऊ, बहीण, तिघंही मरतात.

"अरे, इतकं धडधडीत खोटं?"

"मले मालूम होतं, साहेब," डोमाजी म्हणाला. "आदल्या दिवशी पाह्यलं होतं. पण लोकं घरी जाऊन राह्यले होते. घरी दुःख काय कमी हाय त्यायले? त्यात आणखी तीन मयती कायले लादू?"