लीला गेली, असं मी लिहिलं

हसायचं असेल तर पोटभर हसा. पण आमच्या सासुरवाडीला, म्हणजे मूल गावाला, कुणाचं येणंजाणं असेल त्यानं हे तिकडे बोलू नये, एवढीच विनंती. तिथे अजूनही हा विषय निघाला की माणसं उठून बाहेर जातात.

मी तेव्हा कुरखेड्याला मास्तर होतो. दोन खोल्यांची शाळा, नवीन लग्न आणि चारी बाजूंनी जंगल. करमणूक म्हणाल तर एकच: दर महिन्याला टपालानं येणारी रहस्यकथा. कथा एकच, भागाभागानं चाललेली. एकवीस भाग झाले होते आणि नायक-नायिकेचं लग्न काही होत नव्हतं. उलट एकोणिसाव्या भागात तिचं भलत्याच माणसाशी लग्न लागलं आणि तिचा प्रियकर, जो गुप्तहेर होता, तो झाडाआडून बघत राहिला. तो भाग वाचून मी दोन दिवस पोरांना पाढे म्हणायला लावून नुसता बसून होतो. मालिकेचं नाव विचारू नका. आमच्या घरात ते घ्यायची बंदी आहे.

त्या नायिकेचं नाव लीला. आणि माझ्या बायकोचं नावही लीला.

तुमच्या आत्ताच लक्षात आलं ना? माझ्या नव्हतं आलं.

या वेडात माझा एक जोडीदार होता, माझा मेव्हणा गणपत. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या तलावात मासे धरणाऱ्यांचं. घरात लिहितावाचता तो एकटा, मूलच्या राइस मिलमध्ये कारकून. पुस्तक आधी माझ्याकडे यायचं, आणि माझं झालं की कुणाच्या तरी हाती त्याच्याकडे जायचं. त्याला तेवढा दम निघत नसे. म्हणून पुस्तक पोचण्याआधी मी एका कार्डावर पुढं काय झालं ते कळवायचं, असं आमचं ठरलेलं. सही नाही, नमस्कार नाही. अक्षर तो ओळखायचा.

बाविसावा भाग आला. मी तो एका बैठकीत संपवला आणि कार्ड लिहायला घेतलं. मजकूर मला अजून पाठ आहे. ‘लीला गेली. तलावात बुडाली म्हणतात, पण प्रेत सापडलं नाही. मला तर नवऱ्याचाच संशय येतो. मन घट्ट कर.’

एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण गंमत म्हणून, अहो नुसती गंमत म्हणून, मी कार्डाचा कोपरा फाडला. मयताची खबर कळवताना फाडतात तसा.

पुढचं सगळं मला नंतर समजलं. गणपत मिलच्या कामानं गोंदियाला गेलेला होता. पोस्टमननं फाटका कोपरा पाहिला आणि कार्ड घरात न देता अंगणात उभं राहूनच वाचून दाखवलं. सासूबाई होत्या तिथेच कोसळल्या. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, लिहिणाऱ्यानं आपलं नाव काऊन नाई लिहिलं? पोस्टमन म्हणाला, भीत असन कोणाले. तेवढ्यात चुलतसासरे बोलले, की जी पोरगी आठ वर्षांची असताना तलाव आरपार पोहत होती, ती बुडेलच कशी? झालं. खून ठरला, खुनी ठरला, आणि संध्याकाळच्या आत अर्ध्या मूलला ते कळलं.

इकडे मी मजेत होतो. मोहाच्या फुलांचे दिवस होते. रविवारी लीला शेजारच्या बायकांबरोबर पहाटेच फुलं वेचायला जंगलात गेली, आणि मी खाटेवर पडून बाविसावा भाग दुसऱ्यांदा वाचत होतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला बाहेर पळापळ ऐकू आली. कुणीतरी ओरडत गेलं, तलावात प्रेत शोधून राह्यले.

आता मला सांगा, बावीस भाग वाचलेला माणूस घरी थांबेल का? पायात वहाण न घालता मी धावलो.

तलावावर गाव लोटलेलं. पाच-सहा माणसं छातीएवढ्या पाण्यात मोठं जाळं ओढत होती. काठावर पोलीस पाटील उभे होते, मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. कोण आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, एक बाई आहे. माझं डोकं लगेच चालू लागलं. नवरा आहे का तिला, म्हणून विचारलं. ते म्हणाले, आहे.

“मग पाटील, वेळ घालवू नका,” मी म्हणालो. “अशा प्रकरणात नेहमी नवराच असतो. आधी त्याला धरा.”

पाटलांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “हो मास्तर,” ते म्हणाले, “आमालेबी तसंच वाटून राह्यलं.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गाव पाण्याकडे बघत नाहीये. माझ्याकडे बघतंय. आणि जाळं ओढणारा पुढचा म्हातारा वळला, तर ते मामाजी. लहान गाडीनं, म्हणजे नॅरोगेज रेल्वेनं, वडशापर्यंत, तिथून रात्रभर बैलगाडीनं जाळी लादून आलेले. आयुष्यभर ज्या हातांनी मासे काढले, त्याच हातांनी लेकीचं प्रेत काढायला.

ते चिखल तुडवत काठावर आले. मारतील असं वाटलं. पण त्यांनी नुसते हात जोडले.

“कुठी टाकलं तिले, तेवढं सांगा,” ते म्हणाले. “मले घरी न्याचं आहे.”

मी म्हणालो, “कुणाला?”

या शब्दासाठी चुलतसासऱ्यांनी माझा एक दात पाडला. तो दात मी कुणाकडे मागितला नाही. दुसऱ्या ठोशाआधी बायका वाटेनं येताना दिसल्या. डोक्यावर मोहाच्या टोपल्या, आणि त्या बायकांच्या मधे लीला. मामाजींनी तिला पाहिलं आणि ते चिखलातच बसले. लीलानं टोपली टाकली, फुलं सगळीकडे पसरली, आणि ती त्यांच्यापुढे बसून विचारत राहिली, बाबा, काय झालं, कोण गेलं?

मी घरून पुस्तक आणून पाटलांच्या हाती दिलं. त्यांनी शेवटची चार पानं मोठ्यानं वाचली. कुणी हसलं नाही. माणसं ओली जाळी पिळत बसली.

त्याच दिवशी आम्ही मूलला निघालो. सासूबाईंची वाचा गेली होती. लीला समोर बसली, हाका मारल्या, तरी त्या तिच्या तोंडाकडे बघेनात. त्यांनी आधी तिच्या पायांना हात लावून पाहिला, की पावलं उलटी तर नाहीत. दोन दिवस त्या ते पाय सोडत नव्हत्या. बोलायला त्यांना पुढं महिना लागला, आणि बोलल्या तरी माझ्याशी नाही.

परतताना लहान गाडीत मी लीलाजवळ गाऱ्हाणं केलं. चूक माझी, कबूल. पण एक फाटकं कार्ड वाचून तुझ्या अख्ख्या घराला पटतंच कसं, की मी तुझा जीव घेतला? एकालाही वाटू नये, की मास्तर असं करणार नाही?

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, बाबांनी तिला बाजूला नेऊन विचारलं होतं, की हा माणूस तुले खरंच कधी काही करत तर नाही ना.

“मग? तू काय म्हणालीस?”

“मी म्हणलं, नाई बाबा. त्यायले माह्याकडं पाहाले फुरसत नाई, माराले कुठून भेटन.”

ही साक्ष तिनं माझ्या बाजूनं दिली होती.