आमचा जीप स्टँड आणि राहून गेलेलं तिसरं मतदान

गेल्या रविवारी सकाळी साडेनऊला मी जीपची पुढची काच पुसत होतो, तेव्हा अण्णांचा फोन आला. "मीटिंग हाय, लगेच ये." अण्णा म्हणजे आमच्या जीपवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष.

रस्ता रुंद होणार म्हणून किल्लारीकडच्या आमच्या गावातला जुना स्टँड उठणार होता. नवीन जागा तीन होत्या... बाजार, फाटा किंवा पेट्रोल पंप.

मला फाटा हवा होता. माय जुन्या स्टँडवर चहाचा गाडा लावते आणि फाट्यावर मामाची मोकळी जागा आहे. जीप तिथं गेल्या असत्या तर गाडाही गेला असता.

अण्णा म्हणाले, "तिन्ही एकदम नको, गोंधळ होतो. दोन-दोन घेऊ. आधी सांगा, बाजार का फाटा?" ज्यांना पंप हवा होता त्यांना फाटा लांब पडतो, त्यांनी बाजारवाल्यांबरोबर हात वर केले. फाटा पडला.

मग, बाजार का पंप? आम्ही फाटेवाले चिडलो होतो... आणि बाजाराच्या दिवशी तिथून जीप हलत नाही, हेही खरं. आम्ही पंपाला हात केला. पंप जिंकला, टाळ्या वाजल्या.

बाहेर आल्यावर बाजारवाला बालाजी म्हणाला, "पंपापेक्षा फाटा लई बरा होता की रे!" त्याच्या बाजूचे सगळे तेच म्हणत होते. ते आणि आम्ही मिळून सहज जास्त होतो... पण फाटा का पंप, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी पळत आत गेलो. "अण्णा, एकदा फाटा आणि पंप घ्या ना."

"पडलेला पैलवान पुन्हा आखाड्यात उतरवतो का रे? जा, चहा पी मायच्या हातचा!" सगळे हसले.

पंपासमोरचे गाळे अण्णांच्या साडूचे निघाले. त्यात हॉटेल आहे, त्यामुळे बाहेर चहाचा गाडा लावू देणार नाहीत... हे मला संध्याकाळी कळलं.

माय गाडा पुसत होती. "तू हात वर केला न्हाईस का रे?"

"केला की माय... दोन्ही वेळा."

अण्णांनी मात्र एकदाही हात वर केला नाही. आधी काय विचारायचं, एवढंच त्यांनी ठरवलं.