तोंडाला हात न लावणारी डॉक्टरीण

अजलूनच्या डोंगरउतारावर ऐन जोझा नावाचं गाव आहे. ऑलिव्हच्या झाडांत निम्मं झाकलेलं, निम्मं उन्हात उघडं पडलेलं. मैसून ही त्या गावची पहिली दातांची डॉक्टर. पाच वर्षं कॉलेज झालं, वर्षभर इस्पितळात शिकाऊ म्हणून राबून झालं, परीक्षाही झाली. आता फक्त परवान्याचा कागद यायचा होता. तो राजधानीत, अम्मानला, कुठल्याशा टेबलावर पडून होता. फोन केला की पलीकडचा माणूस मधासारख्या आवाजात म्हणायचा, "येत्या आठवड्यात, इन्शाल्ला." असे एकवीस येते आठवडे येऊन गेले.

गावाला कागदाचं काय कौतुक! पोर घरी आली आणि अंगणात तोंडं वासून माणसं बसायला लागली.

"नुसतं बघ गं, हात नको लावूस," शेजारची उम्म जबर म्हणायची आणि बोट धरून तिचा हात स्वतःच्या तोंडाकडं न्यायची.

मैसून हात सोडवून पाठीशी बांधायची. "मावशी, परवाना आला की पहिला नंबर तुमचा. आज शहरातल्या डॉक्टरकडं जा."

"अगं, माझी सासू दोऱ्यानं दात उपटायची. तिला कुणी परवाना विचारला होता? आणि तू सहा वर्षं शिकून हात मागं बांधतेस!"

हळूहळू गावात बोललं जाऊ लागलं, दैफल्लाची पोर शिकली खरी, पण तिला दाताचंच भ्या वाटतं.

तिनं अजलूनमधले सगळे दवाखाने पालथे घातले. एक म्हणाला, "परवाना आण, मग बोलू." दुसरा म्हणाला, "इथं परवानेवालेच माशा मारतायत." तिसऱ्यानं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला, "मागच्या खोलीत बस. रोगी तू बघ, सही माझी." तिनं फाईल उचलली आणि बाहेरचा रस्ता धरला. चुलतभाऊ हम्दान तिला आपल्या मोबाईलच्या दुकानात घ्यायला तयार होता. "बारीक हत्यारं इथंही लागतात," तो म्हणायचा, "आणि मोबाईल ओरडत नाही."

तिच्या मनात एकच दवाखाना होता, डॉक्टर फव्वाजांचा. त्यांच्या खुर्चीत रोगी घोरायचे, असा हलका हात. तीनदा ती त्यांच्याकडं गेली. तिन्ही वेळा त्यांनी मान वर न करता सांगितलं, "जागा नाही, बेटा." बटाटे सोलताना ती सुरी लेखणीसारखी धरायची, बोटांची सवय मोडू नये म्हणून. पण शिकलेला हात बसून राहिला की विहिरीसारखा आटतो, आणि आपला आटत चाललाय हे तिचं तिला कळत होतं.

तिचा बाप दैफल्ला फौजेतून सार्जंट म्हणून निवृत्त झालेला. त्याचं मत असं, की जे एकट्याला मिळत नाही ते जाहाला मिळतं. गावातली वजनदार माणसं झगे चढवून मागणं घेऊन दारी जातात, ती जाहा. यजमान कॉफी पुढं ठेवतो, पण मागणं मान्य होईपर्यंत जाहाचा म्होरक्या कपाला हात लावत नाही. आणि म्होरक्या हाजी मिस्लेहसारखा असला तर कुणाची छाती नाही म्हणायची! हाजींनी चाळीस वर्षांत दोनशे नवऱ्या मागून आणल्या होत्या.

"बाबा, नोकरीसाठी कुणी जाहा नेतं का?" मैसून रडकुंडीला आली.

"का नाही? जाहानं खुनाची वैरं मिटतात, आणि रोग्याची लाळ ओढायची एक नळी धरायची नोकरी मिळायची नाही?"

त्यानं डॉक्टरांना फोन लावला. "शुक्रवारी चार चांगली माणसं घेऊन येतो. तुमच्या घराकडं एक मागणं आहे." एवढंच बोलला आणि ठेवला. ज्या घरात एकोणतीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी आहे, त्या घरानं अशा फोनचा काय अर्थ लावायचा?

शुक्रवारी तीन गाड्यांतून अकरा पुरुष उतरले. मैसून आणि तिची आई आतल्या खोलीत गेल्या. तिथं कुनाफ्याच्या मिठाईची परात, पाच मावश्या आणि निळ्या पोशाखात, पाय आवळणाऱ्या बुटांत डॉक्टरांची लेक अरीन.

अरीन कानाशी लागली. "तुझाच भाऊ ना? करतो काय?"

"माझा भाऊ सातवीत आहे," मैसून म्हणाली.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. तोवर बाहेर हाजींनी घसा साफ केला होता. गाडीत दैफल्लानं त्यांना सगळं समजावलं होतं, पण हाजी तेव्हा डुलक्या घेत होते. आणि त्यांना भाषण एकच येत होतं.

"फव्वाज, नातं जोडायला आलोय. आमचं लेकरू तुमचं व्हावं, तुमचं दार त्याला उघडावं. तोवर ही कॉफी आमच्या ओठांना लागायची नाही."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. "हाजी, कॉफी घ्या. जे मागायला आलात ते दिलं!"

हाजींनी कप एका घोटात रिकामा केला. आत मावश्यांनी आनंदाच्या किलकाऱ्या दिल्या. डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "आता मुलगा कोणता तेवढं दाखवा."

अकरा जणांत बिनलग्नाचा एकटा हम्दान. सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या, तसा तो उठून उभा राहिला. "मी गाडी चालवायला आलोय!"

मग दैफल्लानं, फौजेत चूक कबूल करावी तसं ताठ उभं राहून, खरं काय ते सांगितलं.

"नोकरी?" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "माझ्या बायकोनं चार किलो कुनाफा मागवलाय!"

"शब्द दिला गेला, फव्वाज. कप रिकामा झा..." हाजींनी एकदम गाल धरला. गरम कॉफी पोकळ दाढेत उतरली होती. "आई गं! बोलवा त्या पोरीला! इथंच बघू दे. हात कळेल, वाद मिटेल."

मैसून बाहेर आली. हाजींनी तोंड वासलं. डॉक्टरांनी हाताची घडी घातली आणि तिच्या बोटांकडं बघत राहिले. दोन पावलांवरूनही तिला हिरडीची सूज दिसत होती, बोटं शिवशिवत होती. नाही म्हणावं तर हाजींचा अपमान, बापाचं नाक कापलं जाणार, आणि नोकरी तर गेलीच.

"हाजी," ती म्हणाली, "मला परवाना नाही. परवानेवाले डॉक्टर इथं बसलेत. तुमची दाढ त्यांची."

दैफल्लानं रुमालानं तोंड झाकलं.

"पोरी, मला आजवर कुणी नाही म्हणालं नाही," हाजी गाल धरून म्हणाले.

"मग पहिली मी. आणि डॉक्टर, तुम्ही शब्द दिलात तो लेकीच्या लग्नाचा. तो मी घेत नाही."

डॉक्टरांनी हाताची घडी सोडली. मग म्हणाले, "दोन वर्षांत कामाला चौदा जण आले. जो तो म्हणे, मला सगळं येतं. थांबता एकालाही येत नव्हतं. दोघांनी माझ्या पाठीमागं चांगल्या दातांना भोकं पाडली, तेव्हापासून जागा नाही म्हणायला लागलो." ते उठले. "कागद येईपर्यंत नळी धरायची, हत्यारं धुवायची, माझे हात बघायचे. कुणाच्या तोंडात तुझं बोट दिसलं, तर अख्खी जमात कॉफी न पिता बसली तरी तुला ठेवणार नाही. आहे कबूल?"

"कबूल."

"मग हाजींना खालच्या मजल्यावर ने. दवाखाना उघडतो."

दाराआड अरीननं बूट काढून भिरकावले आणि परातीजवळ मांडी घातली. "चला, एकीचं तरी जमलं," ती मावश्यांना म्हणाली.

खाली खुर्चीवर दिवा लागला. दारात नऊ झगे आणि हम्दान दाटीवाटीनं उभे होते. मैसूननं हातमोजे चढवले आणि नळी हाजींच्या गालाशी धरली. डॉक्टर वाकले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच हाजी मिस्लेह एका बैठकीत बसले होते आणि त्यांना एक अक्षर बोलता येत नव्हतं.